झोपलेल्या माणसाचं नाटक

आमच्या घरात भाकरी कधी आणि पोळी कधी, हे अण्णांच्या पाळीवर ठरायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर, होते आणि बहुतेक वेळा तिसरी पाळी मागून घ्यायचे. का, असं कुणी विचारलं तर सांगायचे, "रात्री साहेब नसतात." सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, चहात बटर बुडवून खायचे आणि आतल्या खोलीच्या खिडकीला चादर लावून आडवे व्हायचे. तेव्हापासून उन्हं उतरेपर्यंत संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मोठ्यानं बोलायला बंदी असायची. भाकरी थापली की आवाज होतो, म्हणून त्या दिवसांत पोळ्या. पोळी लाटताना आवाज होत नाही, पण पोळपाट डुगडुगतो. आईनं पोळपाटाच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. फोडणी ती झाकणाखाली द्यायची, मोहरी तडतडू नये म्हणून. त्यामुळे की काय, आमच्याकडची आमटी जरा दबलेली लागायची.

कुकरची सोय वेगळी होती. आई डाळ-तांदूळ लावून, झाकण घट्ट करून, कुकर दोन्ही हातांनी पोटाशी धरून वरच्या मजल्यावर शिंदेकाकूंकडे जायची. शिट्ट्या वर व्हायच्या. वाफ जिरली की कुकर खाली यायचा. शिंदेकाकूंना यात काही वावगं वाटत नसे. त्यांचे मिस्टर जनरल शिफ्टला होते, त्यामुळे त्यांच्याकडे दिवसा आवाजाला वाव होता. माझ्या धाकट्या बहिणीला, वैजूला, शिंक आली की ती नाक चिमटीत धरून गॅलरीत पळायची आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून शिंकायची. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आमच्या वैजूची प्रकृती नाजूक आहे असं वाटे. आई काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यावर रुमाल बांधायची. पाहुण्यांना वाटायचं हात भाजलाय.

आता हे सांगताना मला स्वतःलाच खोटं वाटतं, पण तेव्हा वाटत नव्हतं. घरं अशीच असतात अशी आमची समजूत होती. आईचा मूळ आवाज केवढा आहे हे आम्हाला फक्त माहेरी गेल्यावर कळायचं. ती चिखलीची, शेतकऱ्यांच्या घरातली. विहिरीवरून हाक मारली तर पलीकडच्या बांधावरचा माणूस "ओ" द्यायचा, असं तिच्याबद्दल मामा सांगायचा. मामाला स्वतःला हळू बोलताच यायचं नाही. तो कुजबुजला तरी खालच्या दुकानात ऐकू जायचं. म्हणून तो भाजीची पिशवी घेऊन आला की आई त्याला दारातच थांबवायची आणि दोघं भाऊ-बहीण जिन्यात बसून बोलायची. मी आता चिखलीतच राहते. ज्या वावरात मामाचा हरभरा असायचा तिथं आमची सोसायटी आहे आणि खाली ओळीनं वर्कशॉप. सकाळपासून लोखंड कापण्याचा आवाज चालू असतो. शेजारचे तक्रारी करतात. मी करत नाही. मला त्या आवाजात लिहायला बरं पडतं.

लिहिण्याचा नाद मला कॉलेजात लागला. पहिलं पान मला फार चांगलं जमायचं. दुसरंही बरं जायचं. तिसऱ्या पानावर माझ्या पात्रांना काय करावं ते सुचत नसे आणि ती खिडकीबाहेर बघू लागत. अशी खिडकीबाहेर बघणारी बरीच मंडळी माझ्या कपाटात साठली होती. अण्णांनी त्यातलं काही वाचलं नव्हतं, पण कंपनीच्या कँटीनमध्ये ते सांगून बसले होते की, आमची मंदा नाटकं लिहिते.

त्यांच्या कंपनीची एक नाट्यमंडळी होती. दरवर्षी कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत भाग घ्यायची आणि दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन यायची. मंडळींचे दिग्दर्शक होते दळवी. ते कंपनीत इन्स्पेक्शनला होते, म्हणजे तयार झालेला माल तपासायचा, मापात बसत नसेल तर लाल खूण करून बाजूला काढायचा. त्या वर्षी मंडळींसाठी लिहिणारे गृहस्थ बदली होऊन नागपूरला गेले आणि जाताना अर्धी एकांकिकाही घेऊन गेले. तेव्हा दळवींना कँटीनमधलं बोलणं आठवलं. त्यांनी मला कॉलनीच्या समाजमंदिरात बोलावलं. एका बाजूला कॅरम चालू होता, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर मंडळी बसली होती. दळवी पन्नाशीचे, सडपातळ, कानावर लाल पेन्सिल. मी एकोणीस वर्षांची होते, पण ते मला पहिल्या दिवसापासून मंदाताई म्हणाले आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

मी माझी सगळ्यात आवडती सुरुवात त्यांना दिली. त्यांनी उभ्या उभ्याच वाचली.

"शेवट कुठाय?"

"अजून सुचला नाही."

"मग मंदाताई, हे नाटक नाही. ही सुरुवात आहे. सुरुवाती आमच्या शॉपमध्ये सगळ्यांकडे आहेत."

ते कागद त्यांनी परत दिले आणि विचारलं, "तुमच्या घरात काय चालतं दिवसभर?" मी म्हटलं, काही नाही, अण्णा झोपलेले असतात. "आणि बाकीचे?" मग मी पोळपाटाचं, कुकरचं, वैजूच्या शिंकेचं सांगितलं. कॅरम खेळणारे हात आवरून ऐकायला लागले. दळवी हसले नाहीत. म्हणाले, "हे लिहा."

मी लिहिलं. सगळं जसंच्या तसं, अगदी ट्यूबच्या तुकड्यांसह. नाव दिलं 'हळू बोला'. आठवडाभरानं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा मंडळी मधूनमधून हसली आणि मला वाटलं झालं आपलं काम.

"हे सगळं खरं आहे," मी म्हटलं.

"असेल की. बाई कुकर घेऊन वर गेली. बरं. कुकर खाली आला. बरं. आता मी प्रेक्षक आहे, मला घरी जायला बस धरायचीय. मी का थांबू?"

दळवींनी लाल पेन्सिल कानावरून काढली, पण कागदाला लावली नाही. "त्या घरात कुणाला तरी असं काहीतरी बोलायचं पाहिजे, की जे हळू बोलून भागत नाही. आणि आजच बोलायला पाहिजे. उद्या बोलून चालणार असेल तर मी उद्याच येतो ना."

नाटक म्हणजे काय यावर मी नंतर पुष्कळ ऐकलं, थोडंफार वाचलं, आणि आता आठवड्यातून एकदा इथल्या मुलांना शिकवतेही. ही मुलं मोबाईलवर लिहितात, शेवट फार झटकन करतात, आणि शेवटी कुणीतरी फोन उचलत नाही. त्यांना मी फिरवून फिरवून दळवींचं तेच वाक्य सांगते. त्याहून जास्त मला काही कळलेलं नाही.

तर त्या घरात मी एक मुलगी घातली. तिला नर्सिंगला मुंबईत प्रवेश मिळालाय. गाडी दुपारची आहे. बापाला सांगितल्याशिवाय जायचं नाही अशी घरची रीत आणि झोपलेल्या बापाला उठवायचं नाही अशीही घरची रीत. आई म्हणते, उठू दे त्यांना. मुलगी म्हणते, तोवर गाडी जाईल. आणि हे सगळं भांडण कुजबुजत. दळवींनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच खाली बसले. "आता मी बस सोडली," ते म्हणाले. "पुढं?"

पुढंच तर अडत होतं. पहिल्या शेवटात मी बापाला झोपेतच मारला. मुलगी हलवते, तो उठत नाही, किंकाळी, पडदा. दळवी म्हणाले, "एकांकिकेत माणूस मारायला काही लागत नाही. आम्ही दरवर्षी एक मारतो. उत्तेजनार्थ मिळतं." दुसऱ्या शेवटात कंपनी बंद पडल्याची बातमी आली. त्यांनी विचारलं, बातमी कोण आणतं? मी म्हटलं, शेजारी. "हा शेजारी इतका वेळ कुठं होता?" तो शेजारी काढून टाकला. तिसऱ्या शेवटात मुलगी पुढे येऊन प्रेक्षकांना स्त्रियांच्या परिस्थितीबद्दल चांगलं दीड पान बोलत होती. ते मला फार आवडलं होतं. दळवींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हे भाषण उत्तम आहे. कुठेतरी करा." मग पेन्सिलीनं आडवी लाल रेघ मारली.

संहिता जमा करायची तारीख जवळ येत होती. मंडळींनी तालमी सुरू केल्या होत्या, शेवटाशिवायच. आईचं काम करणाऱ्या बाईंनी कुजबुजण्याचा सराव करून घसा बसवून घेतला होता. बापाचं काम जगताप नावाच्या पेंट शॉपमधल्या माणसाकडे होतं. जगताप उंचापुरा, आवाज खणखणीत, आदल्या तीन वर्षांत त्यानं एक राजा आणि दोन पुढारी केले होते. या वेळी तो सतरंजीवर चादर घेऊन पडून असायचा आणि तालीम संपली की मला विचारायचा, "ताई, मला काय वाक्य हाय का न्हाई?"

अशाच एका तालमीला अण्णा आले. मुद्दाम नव्हे. गिरणीवरून दळणाचा डबा घेऊन घरी चालले होते, आमचा आवाज ऐकून दारात थांबले. डबा खाली ठेवला आणि चौकटीला टेकून सगळी तालीम ऐकली. हसणारे हसत होते. अण्णा हसले नाहीत. मला धाकधूक होतीच, कारण घरचं सगळं मी चव्हाट्यावर मांडलं होतं आणि त्यांना विचारलं नव्हतं. तालीम संपल्यावर ते म्हणाले, चल, चहा घेऊ. रस्त्यापलीकडे टपरी होती. दळणाचा डबा बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"बाप झोपलेला दाखवलायस," अण्णा म्हणाले.

"हो."

"सगळा वेळ?"

"हो. अण्णा, ते तुमच्यावरूनच…"

"ते कळलं मला." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. "झोप लागत नसते गं. माणूस नुसता पडून असतो."

मी म्हटलं, म्हणजे कधीकधी का?

"रोजच. कंपनीत रात्रभर प्रेस आपटत असते. घरी आलं की एकदम गप्प. मग कान उघडे पडतात. त्यात तुम्ही हळू बोलता. हळू बोललेलं जास्त ऐकू येतं."

"सगळं?"

"सगळं."

मी मनातल्या मनात आतल्या खोलीच्या दारापाशी बोललेल्या गोष्टी आठवू लागले आणि लगेच आठवायचं थांबवलं. विचारलं, मग कधी उठून सांगितलं का नाही?

"काय सांगू? ती कुकर पोटाशी धरून जिना चढते. तिला म्हणू, कशाला जातेस, मी जागाच आहे? एवढं ती करते, तर आपण निदान डोळे तरी मिटून पडावं."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"आळंदीला," अण्णा म्हणाले. "रविवारी. कीर्तन रंगलं, टाळ-मृदंग सुरू झाला की मस्त लागते." आम्ही सगळे अण्णांना फार भाविक समजत होतो. आई तर आजूबाजूच्या बायकांना अभिमानानं सांगायची, की आमचे हे कीर्तनात इतके तल्लीन होतात की हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. चहा संपला. डबा खांद्यावर घेताना ते म्हणाले, "तुला उपयोग होत असला तर घे नाटकात. पण आईला सांगू नको."

शेवट मी दुसऱ्याच दिवशी लिहिला. मुलगी न सांगता निघते, उंबऱ्याशी पोचते, आणि बाप उठून बसतो. मी जागा होतो, मी रोज जागा असतो, मी सगळं ऐकलंय, जा पोरी. पाऊण पानाचं भाषण. दळवींनी वाचलं, एकदा पुन्हा वाचलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. जगतापनं ते दोन दिवसांत पाठ केलं आणि इतकं जोरात म्हटलं की कॅरमवाल्यांची सोंगटी चुकली. तालीम संपल्यावर दळवींनी मला बाजूला घेतलं. "हे तुम्हाला सुचलेलं नाही," ते म्हणाले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आई येणार ना प्रयोगाला?" म्हटलं, हो, सगळी कॉलनी येणार आहे. "मग त्यांना आधी वाचून दाखवा. पाचशे माणसांत बसून पहिल्यांदा ऐकायची गोष्ट नाही ही."

अण्णांनी घातलेली अट एका बाजूला आणि दळवींचं म्हणणं एका बाजूला. भाषण काढून टाकायचा पर्याय होता, पण मग नाटक पुन्हा उंबऱ्याशी अडकत होतं. दोन दिवस मी घरात आईची नजर चुकवत हिंडले. आईला वाटलं मी कुणाच्या तरी प्रेमात पडले आहे आणि ती शिंदेकाकूंशी तसं कुजबुजलीही, हे मी ऐकलं. अण्णांनीही ऐकलं असणार. मग मात्र मी ठरवलं. अण्णा सकाळी येऊन आत जाऊन पडले, वैजू पुस्तक घेऊन बसली, आई गॅलरीत वाटाणे सोलत होती. मी तिच्यासमोर बसून हलक्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

पोळपाटाला ती हसली. कुकरलाही. मुलगी मुंबईला निघाली तेव्हा तिचे हात थांबले. शेवटच्या भाषणानंतर तिनं हातातली शेंग न सोलताच ताटात टाकली.

"ह्ये तू मनानं घातलंस?"

मी कागद गोळा करू लागले.

"मंदे, मी काय इचारते?"

"अण्णांनी सांगितलं," मी म्हटलं.

"समदं ऐकू येतं त्यास्नी?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

आई उठली. वाटाण्याचं ताट तिथंच राहिलं. तिनं डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला, झाकण घट्ट केलं. मी आणि वैजू बघत होतो. ती कुकर घेऊन जिन्याकडे गेली नाही. तिनं तो आमच्या स्टोव्हवर ठेवला. मग रुमाल सोडला, बांगड्या खाली घेतल्या आणि ज्वारीचं पीठ परातीत ओतलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा वैजूच्या हातून पुस्तक पडलं. शिंदेकाकू जिन्यावरून धावत खाली आल्या, काय झालं, काय झालं म्हणत. आई आपल्या मूळ आवाजात म्हणाली, "काय न्हाई. भात लावलाय." त्या घरात तो आवाज मी प्रथमच ऐकला. मग तिनं भाकरी थापायला घेतली. थाप कमी-जास्त करता येते हे मला त्या दिवशी समजलं. आई कमी करत नव्हती.

आम्ही आतल्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो. अण्णा उठतील, काहीतरी म्हणतील, मग काहीतरी होईल. कुकर शिट्ट्या देत होता, परात वाजत होती, आई भाकरीला नको तेवढी बोलत होती. दुसरी भाकरी तव्यावर गेली आणि आतून एक आवाज आला. आधी वाटलं कुणीतरी कपाट सरकवतंय. पुन्हा आला. आईचा हात पिठातच राहिला.

"घोरत्यात," ती म्हणाली.

ती दारापर्यंत गेली. मीही मागून गेले. अण्णा पाठीवर पसरले होते, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. एरवी ते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, नीट घडी घातल्यासारखे असायचे. आई बराच वेळ बघत उभी राहिली. "म्हंजे येवढी वर्सं…" एवढंच म्हणाली आणि स्टोव्हकडे परतली. उरलेल्या भाकऱ्या तिनं आणखी जोरात थापल्या. मला वाटलं राग गेला. गेला नव्हता. पुढं कितीतरी दिवस ती अण्णांशी थेट बोलली नाही. ते समोर बसलेले असताना मला सांगायची, "त्यास्नी म्हणावं भाकरी झाली." मी सांगायची. अण्णा मला म्हणायचे, "आलो म्हणून सांग." एकदा आई गॅलरीत असताना त्यांनी मला विचारलं, "सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले. "झोप चांगली लागायला लागलीय."

त्याच आठवड्यात मी नाटकाचा शेवट फाडला आणि नवा लिहिला. बाप उठत नाही. मुलगी पिशवी घेऊन दारात उभी आहे, गाडीची वेळ झालेली. आई तिच्याकडे बघते, बापाकडे बघते, मग कुकर आणते आणि आपल्या स्टोव्हवर ठेवते. शिट्टी होते. आई पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलते. एकच शब्द. "जा." मुलगी जाते. बाप घोरू लागतो. पडदा. हे लिहायला मला अर्धी सकाळही लागली नाही. लिहून झाल्यावर काय करावं ते कळेना, कारण तोवर मी कधी काही पुरं केलेलंच नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मुलीचं एक वाक्य जास्त होतं, ते काढलं. मग काढण्यासारखं काही सापडलं नाही.

दळवी भडकले. नाटक बसलं होतं, हालचाली ठरल्या होत्या, भाषण पाठ होतं. "आता माल पॅक झालाय, मंदाताई." मी म्हटलं, एकदा वाचा. त्यांनी वाचलं. त्यांनी पेन्सिल काढली आणि सगळीकडे बघून शेवटी माझी 'शिट्टी'ची वेलांटी दुरुस्त केली. जगतापला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. जगतापनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं भाषण गेलं?"

"हो."

"आन मी काय करायचं?"

"घोरायचं."

"राव, मी राजा केलेला माणूस हाय," जगताप म्हणाला आणि निघून गेला. दोन तालमी आला नाही. तिसऱ्या तालमीला आला, चादर घेतली, आडवा झाला आणि असा घोरला की मंडळी उठून त्याच्या भोवती जमली. त्यानं घरी आजोबांच्या शेजारी झोपून अभ्यास केला होता. आत घेताना एक सूर, सोडताना दुसरा, आणि मध्ये क्षणभर एकदम काहीच नाही. त्या क्षणात श्वास आमचाच अडकायचा.

स्पर्धा चिंचवडच्या सभागृहात झाली. आमचा प्रयोग दुपारी होता आणि प्रेक्षकांत निम्मे लोक कारखान्यांतले आणि त्यांच्या घरचे. पोळपाटाखाली ट्यूबचा तुकडा घालायचा प्रसंग आला तेव्हा बायकांच्या बाजूनं असा हशा आला की पुढचं वाक्य ऐकू गेलं नाही. आमच्यासारखी घरं आणखी होती, हे मला तेव्हा कळलं. मी विंगेत उभी होते. कुकर ठेवला, विंगेतून शिट्टी वाजली, बाई "जा" म्हणाल्या. सभागृह गप्प. मग जगताप घोरला. आधी एक माणूस हसला, मग सगळे, आणि मग हसणं ओसरून गेल्यावरही पडदा पडेपर्यंत तो घोरत राहिला आणि कुणी हललं नाही. निकालात आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. लेखनाचं बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी गेलं. अभिनयाचं जगतापला मिळालं. तो सत्कार घेताना फार गंभीर होता.

आई तिसऱ्या रांगेत होती, अण्णा तिच्या शेजारी. दोघं बाहेर आली तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळलं नाही. शिंदेकाकू सगळ्यांना सांगत होत्या की तो वरचा मजला आमचा. आम्ही बसमध्ये बसलो. वैजू काकूंबरोबर मागं, आई-अण्णा पुढच्या सीटवर, मी त्यांच्या मागं. संध्याकाळची बस, जनरल शिफ्ट सुटलेली, बरेच लोक उभे. पिंपरीचा चौक येईपर्यंत दोघं बोलली नाहीत. मग आई समोर बघतच, त्या आता घरात रोजच्या झालेल्या आवाजात म्हणाली, "वैजू पोटात व्हती तवा भाऊ आला व्हता. मी त्याला म्हनले, मला घिऊन जा, मला न्हाई ऱ्हायाचं हितं. ते ऐकलं व्हतं का तुमी?"

उभ्या असलेल्या लोकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"ऐकलं होतं," अण्णा म्हणाले.

"मग उठला का न्हाई?"

"उठलो असतो तर तुला बोलल्याप्रमाणं करावं लागलं असतं. गेली असतीस."

"गेलेच असते," आई म्हणाली. बस खड्ड्यात आदळली, तिनं पुढचा दांडा धरला. "चार दिस ऱ्हाऊन आले असते."

"ते मला काय माहीत?"

आमचा स्टॉप आला तेव्हा आईनं मला "अण्णांना सांग" असं म्हटलं नाही. तिनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "उठा."

दळवींना हे कळलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बोलावून पुन्हा लिहायला बसवलं असतं. मी त्यांना सांगितलं नाही. नाटक पुरं झालं होतं.